गॅलहॅड थ्रीपवुडला पहिल्यांदा भेटताना

पी. जी. वोडहाऊस या इंग्रज विनोदी लेखकाच्या पुस्तकांत आपल्याकडचे बहुतेक वाचक जीव्ह्जच्या दारातून शिरतात. हुशार नोकर, भोळा मालक आणि लंडनचा फ्लॅट या ओळखीवर समाधान मानून कित्येकजण तिथेच थांबतात. त्यांना एका दुसऱ्या दारापर्यंत नेण्यासाठी मी हे लिहितो आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर गाडीत बसायचं, श्रॉपशर परगण्यातल्या मार्केट ब्लँडिंग्ज नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरायचं आणि ब्लँडिंग्ज कॅसल गाठायचं. तिथे हिरवळीवर झाडाच्या सावलीत टेबल मांडून एक ठेंगणा, टापटीप, साठीकडे झुकलेला माणूस आपल्या आठवणी लिहीत बसलेला दिसेल. डोळ्याला काळ्या कडेचा एकभिंगी चष्मा आणि हाताशी व्हिस्कीचा ग्लास. हाच ऑनरेबल गॅलहॅड थ्रीपवुड. घरचे त्याला गॅली म्हणतात.

गॅली खोटं बोलतो, लोकांना खोट्या नावांनी घरात घुसवतो, वेळ पडली तर भावाचं डुक्कर पळवतो आणि माणसांच्या जुन्या भानगडी उघड करण्याची धमकी देऊन त्यांना वळणावर आणतो. तरी पुस्तक मिटल्यावर या घरातला सर्वांत सज्जन माणूस कोण असं विचारलं, तर मी त्याचंच नाव सांगेन. असं का, हे नीट कळायचं तर त्याची पुस्तकं एका विशिष्ट क्रमाने आणि एक गोष्ट मनात धरून वाचावी लागतात. ती गोष्ट पुढे येईल.

आधी घराचे कायदे

थेट कादंबरी उघडू नका. दहा मिनिटं काढून या घरातल्या पदव्या आणि पैसा समजून घ्या. मराठी वाचक इथेच अडखळतो आणि दोष आपल्या इंग्रजीला देतो. इंग्रजी आड येतच नाही. आड येतो तो तिथला वारसाहक्क.

आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात, वाड्याच्या मधोमध भिंत उभी राहते. इंग्लंडच्या उमराव घराण्यांत पदवी आणि तिच्यासोबत सहसा सगळी जमीनही थोरल्या मुलाकडे जाते. म्हणून क्लॅरेन्स हा नववा अर्ल ऑफ एम्सवर्थ आहे, किल्ला त्याचा आहे, आणि त्याच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे गॅलीच्या, वाट्याला नावामागचं ‘ऑनरेबल’ आणि धाकट्या मुलाला मिळणारा वार्षिक भत्ता एवढंच आलं आहे. अर्लच्या मुलींना मात्र जन्मभर ‘लेडी’ म्हणतात, आणि ते त्यांच्या स्वतःच्या नावाला जोडून. त्यामुळे त्यांची बहीण लेडी कॉन्स्टन्स हिने पदवी नसलेल्या कीबल नावाच्या गृहस्थाशी लग्न केलं तरी ती ‘लेडी कॉन्स्टन्स’च राहते. बहिणी पुष्कळ आहेत, आणि जसजशी पुस्तकं वाढली तसतशी एकेक नवी बहीण उगवत गेली. त्यांची यादी पाठ करू नका. प्रत्येक पुस्तकात एखादी बहीण हुकूम सोडत असते एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

आता पैसा. भाचा किंवा भाची एखाद्याच्या प्रेमात पडते, पण त्यांच्या वाट्याचे पैसे विश्वस्ताच्या हाती असतात, आणि बऱ्याचदा हा विश्वस्त म्हणजे खुद्द लॉर्ड एम्सवर्थ, म्हणजे हाच क्लॅरेन्स. त्याने सही केली तरच लग्न. सही करायची की नाही हे त्याला कळत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष डुकरिणीकडे. मग बहीण म्हणते, करायची नाही. ही गाठ ओळखीची झाली की गॅलीच्या जवळजवळ सगळ्या कादंबऱ्यांचं कथानक तुमच्या हातात आलं.

डुकरिणीबद्दलही सांगायला हवं. एम्प्रेस ऑफ ब्लँडिंग्ज ही काळ्या बर्कशर जातीची डुकरीण आहे आणि श्रॉपशरच्या कृषी प्रदर्शनात लठ्ठ डुकरांच्या गटात ती रुप्याचं पदक मिळवते. ती पहिल्यांदा आली ती 1927 सालच्या एका कथेत. तिथे तिने खाणं सोडलेलं असतं आणि तिच्या रोजच्या खुराकाचा हिशोबच दिलेला आहे: 57,800 कॅलरी. ही कथा ‘ब्लँडिंग्ज कॅसल’ नावाच्या 1935 सालच्या संग्रहात आहे. आधी ती वाचून घ्या. गॅली तिच्यात नाही, पण घर, बाग, लॉर्ड एम्सवर्थचं विसरभोळेपण आणि डुकरिणीची थोरवी हे सगळं एका बैठकीत कळतं. पुढे डुक्कर चोरीला जातं तेव्हा त्या चोरीचं वजन किती हे तुम्हाला ठाऊक असतं.

कुठलं पुस्तक आधी

‘समर लाइटनिंग’, 1929. त्याच्या आधीची कुठलीही कादंबरी नको.

ब्लँडिंग्ज कॅसल त्यापूर्वीचा आहे. पहिली कादंबरी 1915 सालची. तरतीबवार वाचणाऱ्या माणसाला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. मीही कॉलेजात असताना तेच केलं, आणि गॅली कधी येतो याची वाट पाहत दोन पुस्तकं संपली. तो त्यांत नाही. गॅलीचा प्रवेश ‘समर लाइटनिंग’मध्येच होतो. मागच्या पुस्तकांतून आलेली जी माणसं इथे आहेत, उदाहरणार्थ लेडी कॉन्स्टन्सचा लाडका माजी सेक्रेटरी रूपर्ट बॅक्स्टर, त्यांची ओळख लेखक नव्याने करून देतो. काहीही अडत नाही.

‘समर लाइटनिंग’ संपलं की दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाला हात न लावता ‘हेवी वेदर’ (1933) घ्या. गोष्ट जिथे थांबली तिथून काही दिवसांतच ती पुढे सुरू होते, माणसं बहुतेक तीच, भांडण तेच. मी ही दोन पुस्तकं एकच मोठी कादंबरी मानतो. मध्ये महिनाभर गेला तर निम्मी मजा गेली म्हणून समजा. त्यामुळे दोन्ही हातात आल्याशिवाय पहिलं सुरू न करणं बरं.

कागद आणि पेन्सिल

‘समर लाइटनिंग’च्या पहिल्या पन्नास पानांत पुढील गोष्टी कळतात. रॉनी फिश हा भाचा सू ब्राउन या कोरसमध्ये नाचणाऱ्या मुलीच्या प्रेमात आहे. त्याचा मित्र ह्यूगो कारमोडी हा लॉर्ड एम्सवर्थचा सेक्रेटरी असून घरातल्या मिलिसंट या पुतणीच्या प्रेमात आहे. गॅली आठवणी लिहितो आहे हे कळल्यामुळे आसपासच्या सगळ्या प्रतिष्ठितांच्या पोटात गोळा आला आहे, कारण तरुणपणी या सगळ्यांनी काय काय केलं ते गॅलीने पाहिलेलं आहे. शेजारच्या मॅचिंगहॅम हॉलचा मालक सर ग्रेगरी पार्स्लो-पार्स्लो याचा तर त्यात खास अध्याय आहे. लेडी कॉन्स्टन्सला ते हस्तलिखित नष्ट करायचं आहे, म्हणून ती बॅक्स्टरला बोलावते. सर ग्रेगरीलाही तेच हवं आहे, म्हणून तो पर्सी पिल्बीम नावाचा खासगी गुप्तहेर गाठतो.

हे सगळं डोक्यात राहत नाही, आणि राहावं असा हट्टही धरू नका. एक कागद घ्या, तीन रकाने पाडा. पहिल्यात माणसाचं नाव, दुसऱ्यात त्याला काय हवं आहे, तिसऱ्यात तो खरा कोण आहे. तिसरा रकाना इथे फार लागतो, कारण लवकरच सू ब्राउन ही अमेरिकन लक्षाधीशाची मुलगी मायरा स्कूनमेकर म्हणून किल्ल्यावर येते. घरात पाहुणा तोतया आहे असा संशय वाचकाला कायम हवा.

कागद कामी येतो तो आणखी एका कारणाने. वोडहाऊसने 1910च्या दशकात ब्रॉडवेच्या संगीतिकांसाठी खूप काम केलं. संगीतकार जेरोम कर्न आणि नाटककार गाय बोल्टन यांच्याबरोबर गीतं आणि नाटकं लिहिली. कोण कधी आत येणार, कोण पलंगाखाली असणार, कोणतं दार कधी उघडणार ही शिस्त तो तिथे शिकला. स्वतःच्या कादंबऱ्यांना तो संगीत काढून घेतलेली संगीतिका म्हणत असे. म्हणून वाचताना रंगमंच डोळ्यासमोर ठेवा: हिरवळ, ग्रंथालय, जिना, डुकरिणीचा गोठा. माणूस कुठे उभा आहे ते कळलं की काय होणार याचा सुगावा लागतो, आणि तरी ते घडतं तेव्हा हसू फुटतंच.

त्याची कला कशी ओळखायची

आता मुख्य माणूस. त्याचं नाव आधी पाहा. आर्थर राजाच्या गोष्टींतला गॅलहॅड हा निष्कलंक सरदार, पवित्र पात्र ज्याच्या हाती लागतं तो. आपल्याकडे एखाद्या जुगाऱ्या, रात्री जागवणाऱ्या मुलाचं नाव शुकमुनी असावं, तसं हे आहे. गॅलीचं तारुण्य पेलिकन क्लबमध्ये गेलं. हा क्लब लेखकाच्या कल्पनेतला नाही. 1887 साली लंडनमध्ये तो खरोखर निघाला आणि जेमतेम पाच वर्षं चालला. मुष्टियुद्ध, घोड्यांच्या शर्यती, नाटकवाले, कर्जबाजारी उमराव हा त्याचा गोतावळा. इतकं उधळलेलं आयुष्य जगून या माणसाची तब्येत ठणठणीत कशी, याचं आश्चर्य लेखकाला पहिल्या भेटीतच वाटतं. त्याच्या वयाचे संयमी लोक सांधे धरून बसले आहेत आणि हा ताठ चालतो.

तो लबाडी कशी करतो ते पाहायला तीन जागा आहेत.

एक म्हणजे माणसं आत घुसवणं. घरातल्या बहिणीला नको असलेला तरुण दुसऱ्या नावाने, दुसऱ्या पोशाखात गॅली किल्ल्यावर आणतो. ‘फुल मून’मध्ये (1947) आपला मानलेला मुलगा बिल लिस्टर याला तो डुकरिणीचं चित्र काढणारा चित्रकार म्हणून आणतो, आणि तो डाव फसल्यावर माळी म्हणून, खोटी दाढी लावून. यात निरखण्यासारखी आहे ती त्याची शांतता. डाव अंगाशी आला तर गॅली गडबडत नाही. काहीही झालं तरी ठाम नकार द्यायचा हे त्याचं जुनं सूत्र. तो नकार इतक्या सहजपणे देतो की समोरच्याला स्वतःच्या डोळ्यांबद्दल शंका येते.

दुसरी जागा म्हणजे आठवण. वाचकाने सर्वांत बारकाईने पाहावी ती हीच. गॅलीकडे पैसा नाही, अधिकार नाही, जमीन नाही. त्याच्याकडे आहेत तीस-चाळीस वर्षांच्या गोष्टी. आज न्यायाधीश, खासदार, धर्मगुरू झालेल्या माणसांनी तरुणपणी कुठल्या क्लबातून कशी धूम ठोकली हे त्याला तारखेनिशी माहीत आहे. सर ग्रेगरी पार्स्लो आणि कोळंबीची गोष्ट तर प्रसिद्ध आहे: अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीच्या दिवशी काहीतरी घडलं. काय घडलं ते मात्र लेखक कधीच पूर्ण सांगत नाही. नवा वाचक मागची पानं उलटून ती गोष्ट शोधत बसतो. शोधू नका, ती कुठल्याच पुस्तकात नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी ती ऐकतो, हादरतो, आणि आपल्यापर्यंत फक्त ‘कोळंबी’ हा शब्द पोहोचतो. सर ग्रेगरीचा चेहरा पडलेला दिसतो आणि तेवढ्यावर ती गोष्ट मनात कायमची राहते. तिच्या जोडीला आणखी एक तक्रार आहे, ती मात्र गॅली पुन्हा पुन्हा उघडपणे मांडतो: उंदीर मारण्याच्या शर्यतीआधी पार्स्लोने गॅलीच्या टाउझर नावाच्या कुत्र्याला मांस आणि कांदे पोटभर चारले. इतक्या वर्षांनी हा राग ताजा आहे. स्वतःवरचे अन्याय हसून सोडणारा गॅली कुत्र्यावरचा अन्याय सोडत नाही, आणि तो मला या एका गोष्टीसाठीही आवडतो.

तिसरी म्हणजे नोकरांशी त्याचं नातं. बीच हा किल्ल्याचा बटलर, भारदस्त, हळू चालणारा, पोर्ट वाइनचा शौकीन. लेडी कॉन्स्टन्स बीचला हुकूम देते. गॅली त्याच्या खोलीत जाऊन बसतो आणि त्याच्याशी घोड्यांवर बोलतो. म्हणून अडचणीच्या वेळी बीच गॅलीच्या बाजूने उभा राहतो. कुठला माणूस नोकरांच्या दालनात आवडतो हे वोडहाऊसच्या जगात फार खात्रीचं माप आहे, आणि पहिल्या पुस्तकातच कळतं की तिथे गॅलीला मोठा मान आहे.

डॉली हेंडरसन

ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी हा भाग ‘समर लाइटनिंग’ संपवून वाचावा.

तरुणपणी गॅलीचं डॉली हेंडरसन नावाच्या मुलीवर प्रेम होतं. ती गुलाबी टाइट्स घालून म्युझिक हॉलमध्ये गायची. अर्लच्या मुलाने अशा मुलीशी लग्न करणं बापाला मंजूर नव्हतं. बापाने गॅलीला दक्षिण आफ्रिकेला धाडलं. डॉलीने पुढे आयरिश गार्ड्समधल्या कॉटर्ली नावाच्या माणसाशी लग्न केलं. ती आता हयात नाही. गॅलीने लग्न केलं नाही.

एवढीच हकिकत आहे, आणि लेखक ती काही ओळींत सांगून पुढे जातो. विनोदी कादंबरीच्या वेगात नवा वाचक या ओळी सहज ओलांडतो. तुम्ही थांबा. कारण किल्ल्यावर मायरा स्कूनमेकर म्हणून आलेली सू ब्राउन ही डॉलीची मुलगी आहे. सूचं सोंग उघडं पडतं तेव्हा गॅली तिला आईच्या नावाने ओळखतो, आणि त्या क्षणापासून पुस्तकाचा रंगच बदलतो. तोवर तो मजेसाठी इकडेतिकडे नाक खुपसणारा काका असतो. त्यानंतर तो एका मुलीच्या बाजूने उभा असतो, जिच्याकडे त्याच्याशिवाय या घरात कोणी नाही. तीस वर्षांपूर्वी ज्या घराने डॉलीला नाकारलं त्याच घराच्या दारात तिची मुलगी उभी आहे, त्याच कारणासाठी नाकारली जाणार आहे, आणि बापाच्या जागी आता बहीण बसली आहे.

गॅलीकडे द्यायला काय आहे? एकच वस्तू: ते हस्तलिखित. आयुष्यभराच्या आठवणी, स्वतःच्या हाताने लिहिलेलं त्याचं एकमेव काम, ज्यावर त्याचा खरोखर जीव आहे आणि प्रकाशकही ठरलेला आहे. तो लेडी कॉन्स्टन्सपुढे सौदा ठेवतो. तिने क्लॅरेन्सला रॉनीचे पैसे द्यायला लावायचं, सूशी त्याचं लग्न होऊ द्यायचं, आणि त्या बदल्यात गॅली पुस्तक छापणार नाही.

हा सौदा वाचताना मला अजूनही गलबलतं. कायद्याच्या भाषेत ही चक्क धमकी आहे: माझं ऐका, नाहीतर तुमच्या सगळ्या मित्रांची अब्रू चव्हाट्यावर. पण धमकी देणारा त्यात जे गमावतो ते कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि तो ते कोणाला सांगतही नाही. त्याला स्वतःला मिळतं काय, तर डॉलीच्या मुलीचं लग्न. ‘हेवी वेदर’मध्ये हाच सौदा पुन्हा पणाला लागतो. हस्तलिखित हवं असलेल्यांची संख्या वाढते. करार मोडल्यामुळे चिडलेला प्रकाशक लॉर्ड टिलबरी जातीने येतो, मॉन्टी बॉडकिन नावाचा नवा सेक्रेटरी येतो, पिल्बीम परत येतो, आणि त्या कागदांचं शेवटी काय होतं ते इथे सांगणार नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: गॅलीचं प्रत्येक पुस्तक डॉली हेंडरसन लक्षात ठेवून वाचा. पुढच्या कादंबऱ्यांत जोडपी बदलतात, नावं बदलतात. कधी तरुण त्याच्या जुन्या पेलिकन दोस्ताचा मुलगा असतो, कधी मानलेला मुलगा. पण गॅली ज्या घाईने, ज्या हट्टाने त्यांच्या मदतीला धावतो त्या घाईचं कारण लेखक दरवेळी सांगत बसत नाही. ते कारण तुम्हाला आधीपासून ठाऊक असायला हवं.

भाषेशी कसं वागायचं

मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाला वोडहाऊसची वाक्यं लांब वाटतात. एकाच वाक्यात बायबल, शेक्सपिअर, घोड्यांच्या शर्यतीची बोली आणि सरकारी गांभीर्य असं सगळं असतं. शब्दकोश जवळ ठेवा, पण पानाला एकापेक्षा जास्त वेळा उघडू नका. संदर्भ कळला नाही तरी सूर कळतो, आणि सूर पकडायचा सोपा मार्ग म्हणजे मोठ्याने वाचणं. रोज रात्री पाच पानं, घरातल्या एखाद्याला ऐकवत. दुसऱ्या आठवड्यात वाक्याचा उतार कुठे येणार ते कानाला आधीच कळायला लागतं.

गॅलीचं बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे. लॉर्ड एम्सवर्थ अर्धवट वाक्यं बोलतो, बीच औपचारिक बोलतो, बॅक्स्टर कोरडा. गॅली मात्र गोष्ट सांगत बोलतो. मुद्द्यावर यायच्या आधी त्याला पंचवीस वर्षांपूर्वीचा कोणीतरी आठवतोच, आणि त्या माणसाचं टोपणनाव, त्याचं कर्ज, तो कसा पकडला गेला हे सांगून झाल्यावरच तो मूळ प्रश्नाकडे वळतो. ही विषयांतरं घाईने ओलांडू नका. कित्येकदा पुढच्या डावाची कल्पना त्याला तिथेच सुचलेली असते.

उच्चारांचं थोडक्यात: लेखकाचं आडनाव ‘वुडहाऊस’ असं म्हणतात, लिहिताना कोणी वोडहाऊस लिहितं. श्रॉपशर म्हणा, श्रॉपशायर म्हटलं तरी कोणी अडवणार नाही.

पुस्तकं विकत घेताना

एक सावधगिरी पैसे वाचवेल. यांतल्या काही कादंबऱ्या इंग्लंडमध्ये एका नावाने आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने निघाल्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा फुटपाथवर दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी मिळू शकतात, आणि नवं पुस्तक सापडलं म्हणून आनंदाने घरी आणावं तर ते वाचलेलंच निघतं. ‘समर लाइटनिंग’ म्हणजेच अमेरिकेतलं ‘फिश प्रिफर्ड’. 1965 सालचं ‘गॅलहॅड अ‍ॅट ब्लँडिंग्ज’ तिकडे ‘द ब्रिंकमनशिप ऑफ गॅलहॅड थ्रीपवुड’ होतं. 1969 सालचं ‘अ पेलिकन अ‍ॅट ब्लँडिंग्ज’ तिकडे ‘नो न्यूड्स इज गुड न्यूड्स’. ‘हेवी वेदर’ आणि ‘फुल मून’ दोन्हीकडे त्याच नावाने आहेत. दुकानात पहिलं पान उघडून माणसांची नावं बघायची आणि मगच पैसे द्यायचे.

पहिल्या दोन पुस्तकांनंतर क्रम माझ्या मते असा: आधी ‘पिग्ज हॅव विंग्ज’ (1952). यात गॅली आणि पार्स्लो यांची डुकरांवरून जुंपलेली लढाई ऐन रंगात येते, दोन्हीकडची डुकरं चोरीला जातात, आणि पार्स्लोला लग्नासाठी वजन कमी करायचं असतं. कारस्थानाची बांधणी पाहायची तर हेच. मग ‘फुल मून’, मग 1965चं, मग 1969चं. उतारवयातली ही दोन पुस्तकं हलकी आहेत, डाव आधीच्या पुस्तकांची आठवण करून देतात, पण गॅली त्यांत जराही म्हातारा झालेला नाही.

पडद्यावर पाहायचं असेल तर 1995 साली बीबीसीने ‘हेवी वेदर’वर केलेला चित्रपट आहे. रिचर्ड ब्रायर्स गॅली झाला आहे आणि पीटर ओ’टूल लॉर्ड एम्सवर्थ. पुस्तक वाचल्यावर पाहा. एम्सवर्थ डोळ्यांनी दिसतो ते उत्तम, पण निवेदकाचा आवाज पडद्यावर येत नाही, आणि निम्मा विनोद त्या आवाजात आहे.

बाकीचे लबाड

गॅली आवडला की वोडहाऊसचे दुसरे गोड लबाड भेटतीलच, आणि त्यांच्यातला फरक माहीत असलेला बरा. अर्ल ऑफ इकनहॅम, म्हणजे पाँगोचा काका फ्रेड, 1935 सालच्या एका कथेत पहिल्यांदा आला. पावसाच्या सरीतून आडोसा हवा म्हणून तो उपनगरातल्या एका अनोळखी घरात पोपटाची नखं कापायला आलेला माणूस म्हणून शिरतो, आणि बघता बघता त्याच घराचा मालक बनतो. तीच कथा आधी वाचा. फ्रेड काकांना लोकांचं भलं करायचं असतंच, पण त्यांना खरी ओढ सोंगाची. ते ब्लँडिंग्जलाही दोनदा येतात, आणि त्या दोन्ही कादंबऱ्यांत गॅली नाही.

पी-स्मिथ हा त्यांच्याहून तरुण. नावातला पी त्याने स्वतःच लावून घेतलेला आहे आणि तो उच्चारायचा नाही. 1923 सालच्या ‘लीव्ह इट टू पी-स्मिथ’मध्ये तो कॅनडातला कवी म्हणून ब्लँडिंग्जला उतरतो. पावसात अडकलेल्या अनोळखी मुलीसाठी क्लबमधली दुसऱ्याची छत्री उचलून देण्याचा त्यातला प्रसंग कोणालाही वाचून दाखवावा असा आहे. त्याच्या उद्योगात परोपकार आणि स्वतःचं प्रेम एकत्र मिसळलेलं असतं. यूक्रिज मात्र या रांगेत बसत नाही. तो मित्रांचे मोजे, शर्ट, पैसे नेतो आणि सगळं स्वतःच्या श्रीमंतीच्या योजनेसाठी. त्याच्यावर मी हसतो, पण घराची किल्ली गॅलीच्या हाती देईन, त्याच्या नाही.

शेवटचं पुस्तक सर्वांत शेवटी

‘सनसेट अ‍ॅट ब्लँडिंग्ज’ आधी हातात आलं तरी बाजूला ठेवा. 14 फेब्रुवारी 1975 रोजी, 93व्या वर्षी वोडहाऊस अमेरिकेत लाँग आयलंडच्या हॉस्पिटलमध्ये वारला, तेव्हा या कादंबरीवर त्याचं काम चालू होतं. 22 प्रकरणांचा बेत होता, 16 झाली होती. 1977 साली ती लेखकाच्या टिपणांसह छापली गेली, त्यामुळे पुढे काय करायचं होतं याच्या नोंदी आणि त्यांतले बदल वाचता येतात. इतर पुस्तकांत जो डाव घड्याळासारखा चालतो त्याची चाकं इथे सुटी दिसतात. पण आधीची सहा पुस्तकं वाचलेली नसतील तर त्या नोंदींत तुम्हाला काही सापडणार नाही.

जी 16 प्रकरणं आहेत त्यांत भाचीचं एका तरुणावर प्रेम आहे, बहिणीने तिला किल्ल्यावर अडकवून ठेवलं आहे, आणि गॅली त्या तरुणाला स्मिथ हे नाव देऊन डुकरिणीचं चित्र काढायला घेऊन आलेला आहे.